पोरं हवेत असताना

“वर काय आहे हो?” पडद्यावरच्या म्हाताऱ्यानं विचारलं.

जनीन स्टेथर बोलता बोलता थांबली. वर म्हणजे कुठे, हेच तिला आधी कळलं नाही. ती शाळेबद्दल बोलत होती, पाऊस असला की मधल्या सुट्टीत मुलांना कुठे बसवायचं त्याबद्दल बोलत होती, आणि आपण अगदी व्यवस्थित बोलतोय अशी तिची समजूत होती. “एक वाक्य झालं की तुम्ही वर बघता,” म्हातारा म्हणाला. “पुन्हा एक वाक्य, पुन्हा वर. मला वाटलं खोलीत पाखरू शिरलंय.” जनीन हसली. हसताना मानेमागे ठणका उठला आणि तिच्या लक्षात आलं की हा ठणका आजचा नाही, सप्टेंबरपासूनचा आहे. तिला वाटलं होतं उशी बदलायला हवी. नवऱ्यानं, टेरीनं, नवीन उशी आणलीसुद्धा होती. आता त्या पत्र्याच्या तात्पुरत्या खोलीत, हीटरच्या कोरड्या वासात बसून तिला उमगलं, की उशीचा काही संबंध नाही. आपली मान गेले कित्येक आठवडे, आपल्याला न विचारता, छतांवर पहारा करतेय. आणि ही गोष्ट नवऱ्याला दिसली नाही, रोज सोबत काम करणाऱ्या कॅथला दिसली नाही, शाळेतल्या चारशे पोरांना दिसली नाही. ती दिसली वेल्समधल्या एका म्हाताऱ्याला, ज्याला ती आयुष्यात कधी भेटली नव्हती आणि ज्याच्या एका कानात यंत्र होतं.

एम्लिन प्रॉसर त्याचं नाव. जन्मभर मुख्याध्यापक होता, आता निवृत्त. मुख्याध्यापकांशी ऑनलाइन बोलायचं काम करायचा. डॉक्टर नाही, वरिष्ठ नाही, सल्लागारही नाही. कोच म्हणायचे त्याला. इंग्लंडमधल्या हल शहरातल्या शाळांच्या संस्थेनं मुख्याध्यापकांसाठी ही सोय केली होती, आणि जनीनचं नाव तिच्या उपमुख्याध्यापिकेनं, कॅथ ओम्बलरनं, परस्पर देऊन टाकलं होतं. “मला आणखी एक मीटिंग नकोय, कॅथ,” जनीन तेव्हा चिडून म्हणाली होती. कॅथनं चहाचा कप तिच्यापुढे आपटला. “मीटिंग नाही ती. तू बोलायचंस आणि त्यानं ऐकायचं. परवा तू डब्यांच्या खोलीच्या दारात उभी होतीस. आतही जाईनास, बाहेरही येईनास. पहिलीतली पोरं तुझ्या काखेखालून ये-जा करत होती. मी विचारलं काय झालं, तर म्हणालीस, हवा खातेय. डब्यांच्या खोलीत कसली हवा गं?” जनीननं मग फार वाद घातला नाही. पहिल्याच भेटीत एम्लिननं सांगून टाकलं होतं: “माझा डावा कान गेलाय. तेव्हा महत्त्वाचं काही असेल तर हळू आवाजात बोलू नका. मोठ्यानं बोलावं लागलं की माणसं खरं बोलतात, असा माझा अनुभव आहे.” तिला तो आगाऊ वाटला होता.

“छत बघतेय,” ती आता जरा मोठ्यानं म्हणाली. आणि मग तिला तो फोन आठवला. उन्हाळ्याच्या सुट्टीचा शेवटचा आठवडा. शहराच्या मधल्या चौकात कारंज्याजवळच्या बाकावर बसून ती चिप्स आणि बटाट्याची पॅटी खात होती, वर लाल मसाला भुरभुरलेला, बोटांना तेल. पोरं कारंज्यातून पळत होती, त्यांच्या आया ओरडत होत्या. संस्थेच्या इमारतींचं बघणारा माणूस फोनवर म्हणाला की तुमच्या हॉलचं आणि त्याला लागून असलेल्या वर्गांचं छत बुडबुड्यांच्या काँक्रीटचं निघालं. हलकं, स्वस्त, साठ-सत्तर वर्षांपूर्वी सगळीकडे घातलेलं. आतून पाणी पितं आणि एक दिवस, काही न सांगता, खाली येतं. कुणालाही आत जाऊ देऊ नका, तुम्हीही जाऊ नका. “बरं,” जनीन म्हणाली. “ठीक आहे. कळवल्याबद्दल आभार.” आणि तिनं उरलेल्या चिप्स खाल्ल्या. ते तिला नंतर फार विचित्र वाटलं, की तिनं त्या खाल्ल्या. तळाशी राहिलेले कुरकुरीत तुकडेसुद्धा बोटानं टिपून खाल्ले, कागद नीट घडी करून कचऱ्याच्या डब्यात टाकला, आणि मग कामाला लागली. अर्ध्या शाळेसाठी मैदानावर पत्र्याच्या खोल्या उभ्या करवल्या, उरलेल्या अर्ध्यांसाठी पलीकडच्या चर्चच्या खोल्या मिळवल्या. पालकांना सांगितलं, वर्तमानपत्रवाल्यांना टाळलं, जेवण शिजवायला दुसरी जागा शोधली. सगळे म्हणाले, जनीन, तू कमाल केलीस. ती म्हणाली, त्यात काय. हॉलच्या दारावर लाकडी फळ्या ठोकल्या गेल्या तेव्हा ती शेजारी उभी राहून ठोकणाऱ्याला खिळे देत होती.

मग केव्हातरी मान वर जायला लागली. दुकानात पाव घेताना. आईच्या घरी, सोफ्यावर बसल्या बसल्या. दातांच्या डॉक्टरकडे खुर्चीत तर दुसरं काही करताच येईना. दिव्याच्या बाजूला एक बारीक रेघ होती, ती तिनं तोंड उघडं ठेवून पूर्ण लांबीभर वाचली. घरी ती खालच्या खोलीत, बाहेरच्या दाराजवळच्या आरामखुर्चीत झोपायला लागली. टेरी आधी काही बोलला नाही. तो बस चालवायचा, दिवसभर लोकांचं ऐकून घ्यायची त्याला सवय होती. मग एकदा नाश्त्याला म्हणाला, “आपलं छत चांगलं आहे, जनीन. मी स्वतः रंगवलंय.” त्याला दोष देण्यासारखं त्यात काहीच नव्हतं. तो, कॅथ, शाळेच्या समितीच्या अध्यक्ष बाई, तिची डॉक्टर, सगळी एकच वाक्य म्हणायची आणि प्रेमानं म्हणायची: पण झालं नाही ना काही! वेळेवर कळलं, कुणाला खरचटलंसुद्धा नाही. जनीन मान हलवायची. आणि आत कुठेतरी, पोटाच्याही मागे, ते छत खाली यायचं. रोज यायचं. ती हजेरीच्या कागदांवर सही करत असताना यायचं. आवाज नसायचा. नुसती पांढरी धूळ, आणि धुळीत इवलेइवले बूट.

पत्र्याच्या खोलीत बसवेना म्हणून पुढच्या भेटींसाठी ती गाडीत बसायला लागली. शाळा सुटल्यावर नदीकाठी जायची, गाडी उभी करायची आणि फोन स्टिअरिंगला टेकवून ठेवायची. “आता तुमच्यामागे काय दिसतंय ते?” एम्लिननं विचारलं. करड्या आभाळात एक करडी रेघ होती.

“हंबरचा पूल.”

“म्हणजे तुम्ही छताला घाबरता आणि जगातल्या एवढ्या मोठ्या पुलाखाली गाडी लावता?”

“खाली नाही. जरा बाजूला आहे मी.”

एम्लिन इतका हसला की त्याचं कानातलं यंत्र शिट्टी वाजवायला लागलं. जनीनही हसली. मग तिला सांगावंसं वाटलं, का कुणास ठाऊक, की तो पूल बांधला तेव्हा तिचे वडील त्यावर कामाला होते. तारा ओढायच्या टोळीत. ती लहान होती. रविवारी ते तिला काठावर घेऊन यायचे आणि दोन मनोरे दाखवायचे. मधे काहीच नव्हतं तेव्हा, नुसतं पाणी आणि वारा. वडील म्हणायचे, हे दोन्ही बघ, अगदी सरळ उभे आहेत की नाही? दोन्ही सरळच आहेत. पण खाली त्यांच्यात जेवढं अंतर आहे त्याहून वर दोन बोटं जास्त आहे. कारण पृथ्वी गोल आहे, पोरी. इतके लांब आहेत ते एकमेकांपासून. ती लहानशी जनीन कितीतरी वेळ एक डोळा मिटून त्या दोन बोटांचा शोध घेत होती आणि तिला चक्कर आल्यासारखं झालं होतं. पायाखालची माती हळूच वाकतेय असं वाटून तिनं वडिलांच्या कोटाचा खिसा धरला होता. हे ती फोनकडे बघत सांगत होती आणि एम्लिन काहीच बोलत नव्हता. त्याचं न बोलणं वेगळं होतं. इतर लोक गप्प बसतात तेव्हा त्यांचं पुढचं वाक्य तयार होत असतं, ते दिसतं. याच्या चेहऱ्यावर काहीच तयार होत नव्हतं. जनीनला आयुष्यभर ऐकून घ्यायची सवय. रडणाऱ्या आया, भांडणारे बाप, सोडून जायचं म्हणणारे शिक्षक. कुणीतरी आपल्याकडे असं बघत राहावं आणि आपलं वाक्य आपणच संपवावं, ही गोष्ट तिला इतकी नवी होती की तिला त्याची भीती वाटली. ती म्हणाली, “मी ईस्टरला सोडतेय. शाळा. कुणाला सांगितलेलं नाही अजून. जानेवारी संपायच्या आत सांगायला लागेल.” एम्लिननं मान हलवली. राहा म्हणाला नाही, जा म्हणाला नाही. “ज्या दिवशी ठरवलंत त्या दिवशी काय आठवलं होतं?” एवढंच विचारलं. तिनं विषय बदलला, आणि त्यानं बदलू दिला.

पण तो प्रश्न तिच्याबरोबर घरी आला. भांडी घासताना होता, टेरीचे बूट दारातून बाजूला सारताना होता. पुढच्या भेटीत तिनं गाडीची काच थोडी खाली केली, नदीचा ओला, चिखलाचा वास आत येऊ दिला, आणि मोठ्या आवाजात, बाहेर कुत्रा फिरवणारा माणूस वळून बघेल इतक्या मोठ्या आवाजात, सांगायला सुरुवात केली.

तीन वर्षांपूर्वीचा विज्ञान सप्ताह. विद्यापीठातून भूकंप मोजायचं यंत्र आलं होतं, आणि ते घेऊन एक लाजाळू मुलगी. यंत्रातली रेघ मोठ्या पडद्यावर दिसत होती. ती मुलगी म्हणाली की कुणी जवळून चाललं तरी रेघ हलते. मग एका पोरानं उडी मारली, रेघ थरथरली, सगळे हसले. आणि जनीनला कल्पना सुचली. जनीनलाच. दुसऱ्या कुणाला नाही. ती व्यासपीठावर चढली आणि म्हणाली, सगळ्यांनी मिळून उडी मारूया का? सगळी शाळा हॉलमध्ये होती. बालवर्गापासून सहावीपर्यंत, शिक्षक, जेवण वाढणाऱ्या बाया, सगळे. तिनं हात वर केला. एक, दोन, तीन. चारशे पोरं जमिनीवर आली तेव्हा खिडक्या वाजल्या, पियानोच्या आतल्या तारा आपोआप गुणगुणल्या, पडद्यावरची रेघ वेडीवाकडी होऊन पडद्याबाहेर गेली. आणि वरून बारीक पांढरी भुकटी खाली आली. पियानोवर, पुढच्या रांगेतल्या पोरांच्या केसांवर. पोरांना वाटलं हा खेळाचाच भाग आहे. बर्फ, बर्फ म्हणून ओरडली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. जनीननंही वाजवल्या. तिनं स्वेटरच्या बाहीनं पियानो पुसला. पोरं ओरडत होती, परत, मिस, परत!

“आणि मी परत मारायला लावली,” जनीन म्हणाली.

तिनं फोन सरळ केला.

“त्या छताखाली. दोनदा.”

कुत्रा फिरवणारा माणूस पुढे निघून गेला.

“ती पोरं मेली असती, एम्लिन.”

आता तोही ते ‘पण झालं नाही ना काही’ म्हणेल, तिला वाटलं. तिनं त्या वाक्यासाठी चेहरा तयारसुद्धा केला, समंजस, आभारी. एम्लिन पुढे वाकला, त्याचा चेहरा फोनभर झाला, नाकावरच्या बारीक लाल शिरा दिसायला लागल्या. “हो,” तो म्हणाला. “मेली असती.”

बाहेर एक बोट उलट्या प्रवाहात चालली होती, जागच्या जागी असल्यासारखी. जनीनला वाटलं छातीत कुणीतरी दार उघडलं आणि गार हवा थेट पाठीपर्यंत गेली. इतक्या महिन्यांत हे कुणी म्हणालं नव्हतं. सगळ्यांनी तिला त्या छताखालून बाहेर ओढायचा प्रयत्न केला होता. हा माणूस आत आला, तिच्याशेजारी उभा राहिला आणि त्यानं वर बघितलं. एम्लिन म्हणाला, “मला एक विचारायचंय. दुसऱ्या वेळेला तुम्ही कुठे होतात?”

“व्यासपीठावर.”

“तुम्ही मारलीत उडी?”

तिला आठवेना. आणि मग एकदम आठवलं, इतकं स्पष्ट की तिनं श्वास रोखला. हो. पहिल्या वेळेला तिनं हात वर करून नुसतं मोजलं होतं. दुसऱ्या वेळेला तिनंही मारली. आणि ती व्यासपीठावर, सगळ्यांपेक्षा जरा उंच होती म्हणून, वर असताना तिला ते दिसलं होतं. आधी आवाज बंद झाला. चारशे पोरांच्या शाळेत आवाज कधीच बंद होत नाही, परीक्षेतसुद्धा नाही. कुठेतरी खुर्ची सरकत असते, कुणी खोकत असतं. पण त्या क्षणी कुणाचाच पाय जमिनीवर नव्हता. एक साधी खरखरसुद्धा नाही. वेण्या वर उडालेल्या, टाय वर उडालेले, जेवण वाढणाऱ्या जाड बायांचे ॲप्रन फुगलेले, कॅथचा चष्मा नाकावरून सुटलेला. बालवर्गातली पोरं दोन बोटं वर असतील, सहावीतली चांगली हातभर. सगळ्यांचे चेहरे वर. सगळ्यांची तोंडं उघडी. अख्खी शाळा पृथ्वीनं सोडून दिलेली, आणि अजून परत घेतलेली नाही. हे किती वेळ होतं? डोळा मिटून उघडायलाही पुरणार नाही इतका. पण त्यात जनीनला वेळ मिळाला होता. तिनं शेवटच्या रांगेपर्यंत बघितलं होतं. इतकं सुंदर तिनं काही पाहिलं नव्हतं. आणि ते ती विसरून गेली होती. धुळीनं झाकून टाकलं होतं.

हे तिनं सांगितलं. तुटक तुटक, मधे नाक पुसत. सांगून झाल्यावर एम्लिननं चष्मा काढला. “मला काय बोलावं कळत नाहीये,” तो म्हणाला. “आणि संस्था मला बोलायचे पैसे देते.”

“मग नका बोलू.”

“नाही बोलत.”

दोघं बसून राहिले. ती हंबरच्या काठी, तो वेल्सच्या कुठल्यातरी डोंगरात. त्याच्या मागच्या खिडकीत ऊन होतं, तिच्याकडे झाकोळलेलं. मधे अख्खा देश होता आणि दोघांच्या श्वासांचा आवाज. जनीनला फार भूक लागली. अशी भूक तिला सप्टेंबरपासून लागली नव्हती.

त्यानंतर मान वर जायची थांबली असं नाही. पण वर बघताना आता वेगळं काहीतरी व्हायला लागलं. बेकरीत रांगेत उभी असताना तिनं वर बघितलं आणि खाली असलेली माणसंही तिला दिसली: पावाकडे बघणारी, सुटे पैसे शोधणारी, कुणाचंही लक्ष वर नाही. म्हातारी माणसं छताखाली निर्धास्त शिंकत होती. टेरीच्या दुमजली बसमधून जाताना वरच्या मजल्यावर माणसं बसली होती आणि खालची माणसं त्यांच्या बुटांखाली वर्तमानपत्र वाचत होती. एवढं मोठं शहर, नदीच्या चिखलावर उभं केलेलं, आणि सकाळ झाली की सगळे एकमेकांच्या बांधकामाखाली जाऊन बसतात. कुणी कुणाला विचारत नाही. आपल्या काळजाच्या तुकड्याचा हात धरून शाळेच्या फाटकापर्यंत आणतात आणि तिथे सोडून देतात, जनीनच्या ताब्यात, तिच्या छताखाली, आणि वळून घरी जातात. रोज! तिला हे कधी अजब वाटलं नव्हतं. आता फाटकाशी उभं राहून ‘गुड मॉर्निंग’ म्हणताना तिला मान खाली घालून कोट सारखा करायचं निमित्त करावं लागायचं. मान दुखायची ती दुखायचीच. रात्री ती अजूनही खालीच झोपायची. पण छत पडायचं ते रोज पडेनासं झालं.

तरी ईस्टरला शाळा सोडायचं ठरलेलं होतं. जानेवारीच्या शेवटच्या सोमवारी दुपारी अध्यक्ष बाई येणार होत्या आणि जनीन त्यांना सांगणार होती. सकाळी मात्र पोरांना सांगायचं होतं की हॉल या वर्षी काही मिळत नाही. हे वर्गावर्गात सांगण्यापेक्षा एकदम सांगावं म्हणून तिनं अख्ख्या शाळेला मैदानावर बोलावलं; चर्चमधली अर्धी शाळा कॅथ रांगेनं घेऊन आली. सप्टेंबरनंतर पहिल्यांदाच सगळी एकत्र येत होती. वर काहीच नव्हतं, नुसतं आभाळ, तेही दिसत नव्हतं. नदीवरून धुकं येत होतं. “रद्द करूया का?” कॅथ म्हणाली. “पुढच्या पोरांची नाकं दिसतायत तोवर बोलते,” जनीन म्हणाली आणि बाकावर चढली.

तिनं तोंड उघडलं तेव्हा मागची रांग नव्हती. सहावीची पोरं होती तिथे पांढरं होतं. मग पाचवी गेली. कुणी ओरडलं नाही, हेच नवल. एखाद्याला चेव यायला हवा होता, भुताचे आवाज काढायला हवे होते. धुकं अगदी हळू, रांगेनं, जणू ठरवून पुढे येत होतं, आणि ज्या रांगेवर यायचं ती रांग गप्प व्हायची. शेवटी बालवर्गाच्या टोप्या तेवढ्या राहिल्या, आणि मग त्याही गेल्या. जनीनला स्वतःचे बूट दिसत नव्हते. तिच्यापुढे चारशे पोरं होती आणि काहीच नव्हतं. पांढरं, आवाज नाही. तिला वाटलं आता ते छत खाली येणार.

“कुणीही जागेवरून हलायचं नाही,” धुक्यातून कॅथचा आवाज आला, अगदी रोजच्यासारखा, जरा वैतागलेला. “वर्गशिक्षकांनी हजेरी घ्या. तोंडपाठ येते ना सगळ्यांना?”

कुठेतरी उजवीकडे एका बाईनं नाव उच्चारलं. “हो, मिस.” दुसरं नाव. “हो, मिस.” मग मागून दुसरा वर्ग सुरू झाला, मग तिसरा, आणि थोड्या वेळात सगळीकडून नावं यायला लागली. पोलिश नावं, कुर्दिश नावं, इथल्या जुन्या कोळ्यांच्या घरातली नावं, एकमेकांत अडकत, एकमेकांवर चढत. प्रत्येक नावाला कुठूनतरी, अगदी बुटाजवळून किंवा फार लांबून, आवाज येत होता. जाड आवाज, चिरका आवाज, सर्दी झालेला, अर्धवट झोपेतला. हो, मिस. हो, सर. हो, मिस. एकही नाव रिकामं जात नव्हतं. जनीन बाकावर उभी होती आणि तिला काही करायचं नव्हतं, काही सांभाळायचं नव्हतं. नुसतं ऐकायचं होतं. पापण्यांवर पाणी साचलं होतं, धुक्याचं असेल. तिला वाटलं, हे असंच चालू राहावं, दिवसभर, कुणी दिसू नये आणि सगळ्यांनी आपण आहोत असं सांगत राहावं.

एकेक वर्ग संपत गेला. शेवटचं नाव, शेवटचं उत्तर. मग सगळं शांत झालं. आणि त्या शांततेत पुढून कुठूनतरी एका लहान पोरीचा काळजीचा आवाज आला:

“आणि मिसेस स्टेथर?”

कुणी हसलं नाही. चारशे पोरं थांबली होती, ते तिला जाणवत होतं, जसा काळोखात मोठ्या जनावराचा श्वास जाणवतो. जनीननं वर बघितलं नाही. तिनं घसा साफ केला. दुपारी अध्यक्ष बाई येतील, त्यांना चहा पाजायचा, हॉलचं काय ते बोलायचं, दुसरं काही नाही, हे तिला त्याच वेळी कळलं. कुणीतरी शेजारून सांगावं इतक्या सहज कळलं.

“आहे,” ती म्हणाली. आवाज बारीक निघाला. मागच्या रांगेपर्यंत पोहोचला नसेल म्हणून तिनं पुन्हा, मोठ्यानं म्हटलं, “आहे, बाळांनो. इथेच आहे.”